चिखलातला रोहित

चौलच्या माणसाला पाखरांचं कौतुक ते काय असणार! शेजारी रेवदंड्याला कुंडलिका नदी समुद्राला मिळते. ओहोटी लागली की खाडीचा चिखल उघडा पडतो. एकीकडे बगळे, तुतवार चिखलात चोची खुपसतात, दुसरीकडे बाया पदर खोचून तिसऱ्या वेचतात. माझ्या आईनं आम्हा भावंडांना त्या चिखलावरच वाढवलं. पाखरं बघायला मुद्दाम जायचं असतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

माझी मुलगी नेरूळला दिली आहे. तिच्याकडे गेलो की नातवंडं फिरायला नेतात. तिथे 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' म्हणून पाण्याभोवती चालायची वाट आहे. नवी मुंबईनं 'फ्लेमिंगोंचं शहर' अशी ओळख घेतली आहे, म्हणून शहरात त्यांचे गुलाबी पुतळे उभे केले आहेत. फ्लेमिंगो म्हणजे आपला रोहित पक्षी. उगाच नावं ठेवू नयेत. दिवसभर राबून आलेल्या माणसाला पोरांना घेऊन चालायला मोकळी जागा मिळते, हे काही थोडं नाही.

नातीनं विचारलं, "आजोबा, खरा पक्षी कोण रंगवतो?" तिला सांगितलं, त्याचं अन्नच त्याला रंगवतं. लहान रोहित मान खाली घालून, चोच उलटी करून पाणी गाळतो आणि त्यातलं बारीक शेवाळ खातो. त्या शेवाळातला रंग पिसांत उतरतो. शेवाळ वाढायला उथळ खारं पाणी लागतं, आणि त्यासाठी भरती-ओहोटीची ये-जा लागते.

आणि तिथेच घोडं अडलं. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर यादीत जागा मिळाली. पण २०२४ च्या सुरुवातीला नेरूळच्या जेट्टीजवळच्या मोठ्या नामफलकावर आपटून काही रोहित मेले. पुढे तो फलक काढला. जवळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येणं अडल्यामुळे पक्षी भरकटले, असं पर्यावरणवाले सांगत होते. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरजवळ विमानाची धडक बसून तीसहून जास्त रोहित एका रात्रीत गेले. पुतळे मात्र जागच्या जागी.

बंधू-भगिनींनो, उद्या आपल्या खाडीकाठीही अशी वाट होईल, पुतळे बसतील. होऊ देत. पण भराव टाकायला कोणी आलं की विचारा, भरतीचं पाणी कुठून येणार? तिवरं राहणार का? आणि तिसऱ्या वेचणारी बाई चिखलात उतरणार कुठून? हे प्रश्न आराखडा कागदावर असतानाच विचारायचे असतात.

डीपीएस तलावाचं म्हणाल, तर एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं तो संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. जागा सुमारे ३० एकर. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा कुठे हे झालं.