वाऱ्याची वाट

शिक्षकाच्या तोंडून चुकीचे उत्तर गेले, तर त्याची किंमत बहुधा विद्यार्थ्यास परीक्षेत मोजावी लागते. आमच्या एका उत्तराची किंमत मात्र एका दूधवाल्या गृहस्थास ऐन उन्हाळ्यात मोजावी लागली. ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

2016 सालच्या फेब्रुवारीत मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’चे प्रदर्शन भरले होते. वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान तेथे मांडले होते. (2017 च्या नोव्हेंबरात त्याची सरकारदरबारी रीतसर नोंदणीही झाली.) वर्तमानपत्रातील त्याचे चित्र घेऊन नववीतील एक विद्यार्थी आमच्याकडे आला. गच्चीवर विमान होते, तर बार्शीटाकळीच्या अंगणात का होऊ नये, असा त्याचा सरळ हिशेब! मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. त्यांतील एक असा : घरी बांधलेल्या विमानांत पुष्कळदा वाऱ्याने थंड होणारे इंजिन बसवितात, मग ते झाकून का ठेवतात? उघडे ठेवले तर अधिक वारा लागणार नाही काय?

आम्ही पदवीधर, त्यातून विज्ञानाचे शिक्षक. ‘पाहून सांगतो’ म्हणणे जिवावर आले. “झाकण केवळ आकार गुळगुळीत यावा म्हणून असते. थंडाव्यापुरते पाहिले, तर इंजिन जितके उघडे तितके बरे,” असे सांगून आम्ही मोकळे झालो.

मुलाने ते मनावर घेतले. वडिलांची जुनी स्कूटर उन्हाळ्यात फार तापे. एप्रिलमधील एका रविवारी त्याने तिच्या सिलिंडरवरील पत्र्याचे आवरण उतरवून ठेवले. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या वाटेवर, दोन्ही बाजूंस दुधाचे कॅन लटकत असता, पिस्टन जाम झाला. दूध नासले. गाडी आठ दिवस मिस्त्रीकडे पडून राहिली. नव्या पिस्टनचे पैसे आम्ही दिले. परंतु आठ दिवसांत तुटलेली रतिबाची घरे काही आम्हांस जोडून देता आली नाहीत.

मिस्त्रीने आम्हांस एकच वाक्य ऐकविले : “पंख्याचा वारा कोंडून नेणारा पत्राच काढला, मग वारा पंखांत शिरेल कशाला?” सिलिंडरभोवती धातूचे जे पातळ पंख असतात, त्यांच्या फटी अरुंद, आणि वारा मोठा आळशी. मोकळी वाट दिसली की अरुंद वाटेकडे तो ढुंकूनही पाहत नाही. त्या रात्री आम्ही पुस्तके उघडली. ती महिनाभर आधी उघडावयास हवी होती.

लहान विमानांत सिलिंडर बहुधा डावी-उजवीकडे आडवे असतात. पंख्याच्या दोहों बाजूंच्या तोंडांतून वारा आत येतो व इंजिनाच्या वर साठतो. मागे व कडेला पत्र्याच्या आडभिंती, त्यांच्या काठांस रबरी पट्ट्या. अन्य वाट म्हणून ठेवलेलीच नसते. मग तो निरुपायाने पंखांमधून खाली उतरतो आणि तळाच्या तोंडाने बाहेर पडतो. आमच्याकडील शेतकऱ्यास हे सांगावयास नको. दांडाला उंदराचे बीळ पडले की विहिरीत पाणी असूनही शेवटचे वाफे कोरडेच. इंजिन तापू लागले की पुढचे तोंड मोठे करावेसे वाटते. पण तळाचे तोंड अपुरे असेल, तर आत आलेला वारा आतच तुंबतो.

जूनमध्ये शाळा भरताच आम्ही त्या मुलाच्या वर्गापुढे आमचे उत्तर चुकले होते असे सांगितले. घसा कोरडा पडला, हे कबूल केले पाहिजे. मग ‘यू’ आकाराच्या पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून तिच्या एका तोंडाशी टेबलपंखा लावला. पाणी जेमतेम केसभर हलले. मुले हसली. आम्ही फळ्यावर गणित मांडले : ताशी 160 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब म्हणजे पाण्याची सुमारे 12 सेंटिमीटर उंची. वेग 120 वर आला, तर 7 सेंटिमीटरही नाही! विमान वर चढताना इंजिनाचे बळ पुरे लागते, वेग मात्र कमी. म्हणजे उष्णता सर्वांत अधिक तेव्हाच वारा सर्वांत तोकडा. त्यात अकोल्याची 45 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहावा हिस्सा विरळ. एवढ्याशा दाबात सिलिंडरचे डोके आटोक्यात ठेवावयाचे. लायकमिंग कंपनीच्या पुष्कळ इंजिनांस 260 अंश ही कमाल मर्यादा आहे; सावध वैमानिक त्याच्या पुष्कळ खाली राहतात. म्हणून घरी विमान बांधणारे इंजिनाच्या वर व खाली बारीक नळ्या बसवून दोहोंकडील दाबांतला फरक मोजतात, आणि बोटभर फटीसाठीही दिवस दिवस खर्च करतात.

आमच्या विद्यार्थ्याने तो तास संपल्यावर फळ्यावरचे गणित वहीत उतरवून घेतले. एके ठिकाणी आमचा दशांश चिन्हाचा घोटाळा होता, तोही दाखविला.

त्याचे वडील पुढे पालकसभेस आले. आम्ही पुन्हा क्षमा मागितली. ते हसून म्हणाले, “सर, पोराले इमान बनवाले शिकवा, पन माह्या गाडीले हात नोका लावू देऊ.”