फेकून झाल्यावर

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २०१४ सालच्या नियमपुस्तकात गोफणीचा आणि फेकायच्या भाल्याचा पल्ला एकच दिला आहे. तीस फुटांपर्यंत नेम नीट लागतो, त्यापुढे एकशेवीस फुटांपर्यंत सगळं नशिबावर. नाशिकजवळच्या एकलहऱ्यात बसून हे वाचताना हसू येतं. औष्णिक केंद्राच्या चिमण्या मागे टाकून गोदाकाठच्या वावरांकडे निघालं, की बाजरी राखणारी कुणीही म्हातारी सांगेल, एकशेवीस फुटांवर गोफणीचा धोंडा नुकता कुठे रंगात आलेला असतो. भाल्याचंही तेच. नीरज चोप्राने २०२१मध्ये टोकियोत ८७.५८ मीटर फेक केली. नियमपुस्तकातला भाला त्याच्या भाल्याच्याच वजनाच्या आसपासचा, तरी साडेछत्तीस मीटरांत दमतो!

पल्ल्याचं मी सोडून देतो. नीरजच्या अंगावर कुणी राक्षस धावून येत नव्हता. मला अडतं ते पुढे: भाला गेला, हात रिकामा, मग काय?

इथल्या वसाहतीत भाचा आणि त्याचे मित्र रविवारी हाच खेळ खेळायला बसतात. राक्षस, गुहा आणि नियम सांभाळायचं काम माझ्याकडे. भाचा रानटी योद्धा झालेला. सुरुवातीलाच त्याला चार भाले मिळतात.

“मामा, फेकला. आता दुसरा फेकतो.”

“दुसरा पाठीवर आहे. काढणार कधी?”

जुन्या नियमांत एका पाळीत एकच वस्तू फुकटात उपसता येई, त्यामुळे फेकणारा नेहमी तलवारवाल्याच्या मागे पडे. २०२०च्या पुरवणी पुस्तकाने खास फेकीची लढाई शिकलेल्यांना सवलत दिली. २०२४च्या नव्या नियमांत तर फेकायचं कुठलंही हत्यार फेकता फेकताच उपसता येतं. खेळणारे खूश. मला मात्र त्यात काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

फेकून झाल्यावर काय, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. अग्निपुराणात हत्यारांची वर्गवारी त्याच अंगाने केली आहे: यंत्रातून सुटणारी, हातातून सुटणारी, सोडून पुन्हा आवरता येणारी आणि हातातच राहणारी. गोफण पहिल्या गटात बसते. दोरी हातात उरते, जातो तो धोंडा. आणि वावरात ढेकळांना काय तोटा? म्हणून राखणदार बिनघोर फेकत सुटतो. मराठ्यांच्या विट्याने तिसरी वाट काढली. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. दोरीचं टोक मनगटाशी, त्यामुळे फेकला तरी ओढून घेता येतो. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांमुळे तो अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. सुदर्शनाला तर दोरीही लागत नाही. पण ती देवाची चैन झाली.

माझा जीव अडकतो तो कर्णाच्या शक्तीत. कवचकुंडलं देऊन इंद्राकडून मिळवलेली, एकदाच चालणारी. अर्जुनासाठी जपलेली ती शक्ती रात्रीच्या लढाईत घटोत्कचावर सोडावी लागली, कारण कौरवांचं सैन्य समोर मरत होतं. आणि पांडव रडत असताना कृष्ण आनंदाने नाचला. शक्ती माघारी येणारी असती, तर ती रात्र द्रोणपर्वातली आणखी एक चकमक म्हणून निघून गेली असती. फेकावी की राखावी, या घालमेलीमुळेच ती लक्षात राहते.

म्हणून आमच्या टेबलावर मी जुनाच नियम ठेवलाय. शिवाय फेकलेला भाला राक्षसाच्या पलीकडे पडला, तर तो आणायला राक्षसाच्या शेजारून जावं लागतं. पोरं कुरकुरतात, पण तिसरा भाला संपला की चौथ्यासाठी सगळे फासे खाली ठेवून पाच-पाच मिनिटं खलबतं करतात. तलवारीच्या घावावर कुणी इतका विचार केलेला मी पाहिलेला नाही.

विट्याची गोष्ट सांगून मीच आता पंचाईत करून घेतलीय. भाच्याला भाल्याला बांधायला दोरी हवी आहे.

“घे की,” मी म्हटलं. “पण राक्षसाने भाला पकडून हिसडा दिला, तर दुसरं टोक तुझ्याच मनगटाला असेल.”

त्याने वीस बाजूंचा फासा माझ्यापुढे सरकवला. “मग दोघांनी टाकायचा. ज्याचा आकडा मोठा, तो ओढणार.”