बाकावरची बैठक

'बेंच' हा शब्द मराठीत येऊन रुळला त्यास पुष्कळ दिवस झाले. परंतु त्याच्याइतका दुहेरी वागणारा पाहुणा क्वचितच सापडेल. न्यायमूर्ती आसनस्थ होतात ते बेंच, आणि गृहपाठ न आणणाऱ्या मुलास ज्यावर उभे करीत तेही बेंचच. एखादे प्रकरण 'बेंचपुढे आहे' असे सांगताना आम्हा वकीलमंडळींचा आवाज आपोआप खाली येतो. उलट एखादा खेळाडू 'बेंचवर आहे' असे कोणी म्हटले की ऐकणारा चुकचुकतो. एका बाकावर बसलेला दुसऱ्यांचा निर्णय करतो, आणि दुसऱ्या बाकावर बसलेला दुसऱ्याच्या निर्णयाची वाट पाहतो. ह्या दुसऱ्या बाकाविषयी चार शब्द लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

त्यास निमित्त झाले ते माझ्या भाच्याचे. माझी वकिली सौंसरला. बहीण दिलेली पांढुर्ण्यास. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-वऱ्हाड मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. तेव्हापासून आमचे उच्च न्यायालय दूर जबलपुरास. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. तथापि मुलांना शिकावयास नागपूरच जवळचे वाटते. भाचाही तेथल्याच एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. ताडासारखा उंच वाढलेला म्हणून त्याला बास्केटबॉलच्या संघात घेतले. परंतु पहिल्या वर्षभरात सामन्याच्या दिवशी त्याचा गणवेश घामाने भिजला असेल तर तो प्रेक्षकगृहातील उकाड्याने.

पोळ्याच्या सुट्टीत मी बहिणीकडे गेलो तेव्हा पानावरच विषय निघाला. "मामा, सर मले काहून बसवून ठेवते, काही समजतच नाही," भाचा म्हणाला. बहिणीने पुरणपोळी वाढता वाढता निकालच देऊन टाकला: "भाऊ, तू एवढा वकील. एक कागद लिहून दे ना त्या कॉलेजले. सगळ्या पोरायले सारखं खेळवा म्हणा."

नोटीस लिहिण्यापूर्वी हक्क कोठून उत्पन्न होतो ते पाहावे, ही वकिलाची पहिली सवय. वडिलार्जित मिळकतीत वाटा मागणाऱ्यास आपली लायकी सिद्ध करावी लागत नाही. जन्म सिद्ध केला की पुरे. २००५ च्या दुरुस्तीने तो हक्क मुलींनाही मिळाला. सामन्यातील वेळ ही मिळकत मात्र निराळ्या जातीची आहे. बास्केटबॉलचा सामना चाळीस मिनिटांचा, मैदानात एका वेळी पाच जण. म्हणजे संघाच्या हाती एकूण दोनशे मिनिटे. संघात बारा खेळाडू. बहिणीच्या मागणीप्रमाणे समान वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्यास सोळा मिनिटे चाळीस सेकंद येतात. हिशेब न्याय्य दिसतो. परंतु समोरच्या संघाने तशी वाटणी केलेली नसते, ही त्यातील अडचण.

गंमत अशी की हा खेळ जन्मला तेव्हा त्यात बाक नव्हताच. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकाने हिवाळ्यात कोंडलेल्या विद्यार्थ्यांसाठी तो रचला. वर्गात अठरा मुले होती, म्हणून नऊ-नऊंचे दोन संघ केले; सगळेच खेळले. पुढे थोड्याच वर्षांत संघ पाचांचा झाला आणि उरलेल्यांना बसावयास जागा लागली. त्या काळी एकदा बाहेर पडलेल्या खेळाडूस त्याच सामन्यात परत येता येत नसे. मग एकदा, पुढे दोनदा परतण्याची मुभा मिळाली, आणि १९४४ पासून अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळात तेही बंधन उरले नाही. आज प्रशिक्षक हवा तितक्या वेळा खेळाडू बदलू शकतो. म्हणजे बाकावरचा मुलगा हा आता खेळाचाच भाग आहे. शिवाय पाच वैयक्तिक फाऊल झाले की मोठ्यातला मोठा खेळाडूही बाहेर जातो. तेव्हा बाकाकडे दृष्टी वळल्यावाचून राहत नाही. प्रश्न एवढाच की ती दृष्टी कोणावर स्थिरावते.

हात धुतल्यावर मी भाच्यास अंगणात घेऊन बसलो आणि अशिलाची घ्यावी तशी त्याची उलटतपासणी घेतली. दहा फ्री थ्रो मारले तर किती पडतात? "मोजले नाही." संघ ठरवून ज्या चाली खेळतो त्यांत तुझ्या जागेखेरीज दुसऱ्या कोणाची जागा तुला पाठ आहे काय? "नाही." सराव संपल्यावर किती वेळ थांबतोस? "गाडी असते, मामा." तुझ्या जागेवर खेळणारा मुलगा तुझ्याहून कशात सरस आहे? ह्यावर तो पुष्कळ वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "तो ओरडत राहते सारखा. कोणी मोकळा सुटला, कोण मागून आला, सगळ्यायले सांगते." मला वाटले, वर्षभर बाकावर बसून एवढे तरी पाहिले हे काही कमी नाही.

मी कागद लिहून दिला नाही. त्याऐवजी त्याला एक वाक्य पाठ करविले: "सर, मी कोठे कमी पडतो ते सांगा, आणि दोन महिन्यांनी पुन्हा पाहा." 'मला का खेळवत नाही' ह्या प्रश्नाने समोरच्या माणसास आपल्या निर्णयाचे समर्थन करावे लागते, आणि समर्थन करू लागलेला मनुष्य आपल्या मतास अधिकच चिकटतो, हे मी न्यायालयात नित्य पाहतो. 'काय करू' असे विचारले की तोच मनुष्य सल्लागार होतो. आणि ज्यास आपण सल्ला दिला त्याचे पुढे काय झाले हे पाहण्याची उत्सुकता कोणास नसते?

प्रशिक्षकांचे उत्तर आठवड्याने फोनवर कळले. तू चेंडूकडे पाहतोस, आपल्या माणसाकडे पाहत नाहीस. नेम चुकला की जागीच उभा राहतोस. तेवढ्यात समोरचे चौघे तुझ्या टोपलीखाली पोहोचलेले असतात. आणि उंच असूनही फळीवरून परतलेला चेंडू तू हात वर करून मागतोस; आधी पाठ लावून माणूस अडवावा लागतो. भाच्यास वाटत होते की आपणास गुण मिळवून दाखवता आले म्हणजे काम झाले. परंतु गुण मिळवणारे दोघे-तिघे संघात होतेच. न थकता अडवणारा कोणी नव्हता. बाकावरच्या मुलाने प्रथम हे ओळखावे की संघाच्या ताटात कोणता पदार्थ वाढावयाचा राहिला आहे. तो वाढणाऱ्याला पंगतीतून कोणी उठवत नाही.

ह्या गोष्टी माझ्या चटकन ध्यानात आल्या त्याचे कारण माझाच व्यवसाय. वकिलीत उमेदवाराचा बाक फार लांब असतो. पहिली काही वर्षे ज्येष्ठांच्या पिशव्या सांभाळणे, तारखा मागणे, कागदांना क्रमांक घालणे ह्यांत जातात. सौंसरच्याच न्यायालयात संत्र्याच्या बगीच्यातील धुऱ्याचा एक वाद चालू होता. ऐन साक्षीच्या दिवशी आमचे ज्येष्ठ दुसऱ्या न्यायासनापुढे अडकले. न्यायाधीशमहाराजांनी माझ्याकडे पाहून विचारले, "आपण चालवता की तारीख हवी?" त्या खटल्यातील खसऱ्याची प्रत्येक नक्कल मीच लावलेली होती, पटवाऱ्याच्या नकाशावर कोणती विहीर कोठे आहे हे मला ठाऊक होते, मी "चालवतो" म्हणालो. ते वीस मिनिटांचे काम होते, आणि त्यात वाक्चातुर्य काडीचे नव्हते. पण पुढच्या आठवड्यात ज्येष्ठांनी एक लहानसे प्रकरण माझ्या पुढ्यात सरकवले. ज्याच्या हाती काम सोपवून झोप येते त्याच्याच हाती माणसे काम सोपवतात; मग तो प्रशिक्षक असो, वकील असो की देवस्थानाच्या उत्सवात भांडारघर सांभाळणारा असो.

येथे कोणी असे म्हणेल की, म्हणजे मेहनत करावी आणि फळ मिळतेच असा तुमचा सिद्धान्त दिसतो. तसे मी म्हणणार नाही; मुंबईच्या क्रिकेटची माहिती असलेला कोणताही मराठी मनुष्य म्हणणार नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले. परंतु बिशनसिंग बेदींच्या काळात तेही डावखुरे फिरकी गोलंदाज होते, आणि भारतासाठी एकही कसोटी न खेळता २०२५ साली ते निवर्तले. अमोल मुझुमदारांची कथा त्याहून विलक्षण. १९८८ साली हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमासाठी तेंडुलकर आणि कांबळी ह्यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पायांना पॅड बांधून मुझुमदार बसून होते. त्यांची पाळी आलीच नाही. पुढे रणजी करंडकातील पहिल्याच सामन्यात त्यांनी २६० धावा काढल्या, अकरा हजारांवर धावा जमवल्या, मुंबईचे नेतृत्व केले. भारताची टोपी मात्र डोक्यावर चढली नाही.

पण कथा तेथे संपत नाही. २०२३ मध्ये हेच मुझुमदार भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज पहिल्या चार सामन्यांत दोनदा शून्यावर बाद झाली, आणि इंदूरला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात एक गोलंदाज अधिक हवी म्हणून तिला बाहेर बसावे लागले. तो सामना भारताने चार धावांनी गमावला. पुढच्याच सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध ती परतली आणि नाबाद ७६ धावा काढून गेली. त्यानंतर ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने दिलेले ३३९ धावांचे लक्ष्य भारताने गाठले, त्यात तिच्या नाबाद १२७ होत्या. आणि आपण तिसऱ्या क्रमांकावर खेळावयाचे हे तिला मैदानात जाण्यापूर्वी थोडाच वेळ आधी समजले होते. तीन दिवसांनी भारताने विश्वचषक जिंकला. बाकावरच्या त्या एका दिवसात तिचा खेळ बिघडला नव्हता आणि सुधारलाही नव्हता. संघाची गरज त्या दिवशी निराळी होती, इतकेच. आपणास बसवले म्हणजे आपली किंमत ठरली असे समजणारा खेळाडू पुढच्या हाकेस उशिरा उठतो.

तरी वकील म्हणून एक भेद मला केल्यावाचून राहवत नाही. बाकाची सगळीच बैठक तपश्चर्येची नसते. काही ठिकाणी ती सरळ अन्यायाची असते. कोणाच्या शिफारशीने, कोणाच्या जातीने वा पैशाने जागा भरल्या जात असतील, तर तेथे मुलास धीराचा उपदेश करणे हे त्या अन्यायाचे वकीलपत्र घेण्यासारखे आहे. ओळखण्याची कसोटी सोपी आहे. बसवणाऱ्याने कारण चारचौघांत सांगावे, आणि तेच माप सर्वांना लावावे. कारण सांगितले आणि माप एक असले, तर सरावास लागावे. कारण सांगता येत नसेल, तर मग कागद लिहावा. मीही लिहून देईन. भाच्याच्या प्रकरणी कारण मिळाले होते, आणि ते खरे होते.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. हिवाळ्यातील एका सामन्यात दोन प्रमुख खेळाडूंचे चार-चार फाऊल झाले, तेव्हा त्याला सहा मिनिटे मिळाली. त्याने एकही गुण केला नाही. परंतु ज्याला अडवावयाचे होते त्यालाही त्या सहा मिनिटांत एकही करू दिला नाही. वर्षअखेरीस तो सामन्यात दहा-बारा मिनिटे खेळू लागला. पहिल्या पाचांत तो अजून नाही, आणि कदाचित येणारही नाही. बहिणीच्या मते ही अर्धीच डिक्री झाली.

सौंसरजवळच्या जामसावळीस पिंपळाखाली निजलेला मारुती आहे. इतरत्र उड्डाणाच्या वा उभ्या आवेशात दिसणारा हा देव आमच्याकडे पहुडलेला आहे, आणि शनिवारी-मंगळवारी दूरदूरची माणसे त्या पहुडलेल्या देवापुढे आपली गाऱ्हाणी घेऊन येतात. तेथे गेलो की मला किष्किंधाकांडातील समुद्रकाठचा प्रसंग आठवतो. लंकेस उडी कोणी मारावी ह्याची सभा भरली होती. कोणी म्हणाला मी दहा योजने जाईन, कोणी म्हणाला वीस. जांबवंताने वार्धक्यामुळे नव्वदांपर्यंतच कबुली दिली. अंगद शंभर जाण्यास तयार होता, पण परत येण्याची खात्री देईना. ह्या सगळ्या बोलण्यात मारुती एका बाजूस गप्प बसलेला होता. जांबवंताने त्याच्याकडे वळून त्याला त्याच्या बळाची आठवण करून दिली, आणि मग तो उठला.

कीर्तनांतून हा प्रसंग आपण मारुतीच्या बळासाठी ऐकतो. मला त्यात जांबवंताचे काम तितकेच मोठे वाटते. ज्याच्या हाती दुसऱ्याला बसवण्याचा अधिकार आहे, मग तो प्रशिक्षक असो, ज्येष्ठ वकील असो, घरातील कर्ता असो वा संस्थेचा विश्वस्त असो, त्याने अधूनमधून त्या कडेच्या बाकाकडे वळून पाहावे. गप्प बसलेल्याशी दोन वाक्ये बोलावी. त्याच्यात काय आहे आणि काय नाही हे त्याला स्पष्ट सांगावे. बसलेल्याने तयार राहावे हे खरेच. परंतु त्याची तयारी कोणी पाहिलीच नाही, तर समुद्र ओलांडण्याचे काम तसेच राहते, आणि त्यात तोटा एकट्या बसलेल्याचा होत नाही.