बाटलीवरील लेबल

सेवानिवृत्तीनंतर रिकाम्या कांचेच्या बाटल्या धुऊन ठेवण्याचें काम गृहिणीनें मजकडे सोंपविलें. पूर्वींचीं लेबलें खळीनें डकविलेलीं असत. कोमट पाण्यांत घटकाभर बुडविलीं कीं आपोआप सुटत. हल्लींचा चिकट पदार्थ बहुधा पाण्यास दाद देत नाहीं. त्यास तेलच हवें. कागद खरवडून उरल्या चिकटावर गोडें तेल व खाण्याचा सोडा यांचा लेप द्यावा, अर्ध्या तासानें चिंधीनें पुसावें. ‘स्नेह’ शब्दाचे तेल व माया असे दोन्ही अर्थ मीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितले. त्यांतला पहिला न्हाणीघरांत उपयोगी पडला!

गेल्या वैशाखांत या विद्येच्या अभिमानानें मीं तीन सारख्या बाटल्या एकाच बादलींत घालून लखलखीत केल्या. कोकमाचें आगळ भरावयास घेतांना सौभाग्यवतीनें विचारलें, “अहो, ह्यांतली ढेकणांच्या औषधाची कोणती?”

त्या बाटलीवर ‘विष’ अशी चिठ्ठी मींच डकविली होती, आणि मींच ती सोडविली होती. तिन्ही हुंगून पाहिल्या. तिन्हींस साबणाचाच वास. नातू सरबताची वाट पाहात पाटावर बसला होता.

ती कांहीं बोलली नाहीं. संध्याकाळीं तिन्ही बाटल्या तिनें परसांत पुरल्या. खड्डा मीं खणून दिला.