भालाईत, स्वार आणि आष्टी

करकंबच्या घरी, रात्री वीज येऊन विहिरीवरची मोटार सुरू होईपर्यंतचा वेळ घालविण्याकरिता, माझा पुतण्या 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग मांडून बसतो आणि प्रतिपक्षाची फौज दृष्टीस पडताच, फडणिसाच्या दक्षतेने, बळाबळाचा तपशील मला ऐकवू लागतो. चिलखती स्वाराची प्राणशक्ती 100, प्रहार 10, कवच 2, आणि किंमत 60 अन्न व 75 सोने. उलट 35 अन्न नि 25 लाकडांत मिळणाऱ्या भालाइताची प्राणशक्ती अवघी 45 व प्रहार 3. परंतु घोड्यावर उगारताच त्याच्या भाल्याला 15 ची जोड मिळते, म्हणून कवच वजा जाता 16 उरतात आणि सातव्या घावाला स्वार कोसळतो. अर्थात तोवर भालाईत जगला पाहिजे. स्वाराला पाचच घाव पुरतात.

"पण काका, दोन भालाईत घेतले तरी 120 च पडतात!"

हा जमाखर्च मला आवडतो; अडते निराळ्याच ठिकाणी. इथून जवळच, मोहोळ तालुक्यातील आष्टीस, 20 फेब्रुवारी 1818 रोजी सेनापती बापू गोखले मोजक्या स्वारांनिशी जनरल स्मिथच्या घोडदळावर तुटून पडले व कामी आले; दुसरा बाजीराव निसटला, छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. स्वारांविरुद्ध स्वारच होते. धनी पाठ फिरवतो तेव्हा प्रहारातून किती वजा करावे, त्याचा रकाना कुठे आहे?

"एका प्रकारात राजा मेला की डावच संपतो," पुतण्या शांतपणे म्हणाला, "म्हणून राजाला आधी पळवायचंच असतं."