कोठीवरचा माणूस

लग्नघरात कोठीवर बसवलेला एक गृहस्थ असतो. त्याला मंडपातलं काही दिसत नाही आणि मंडपातल्यांना तो दिसत नाही. फोटोत तर तो कधीच नसतो. पण तो क्षणभर विडी ओढायला गेला की इकडे पंक्तीतली जिलबी थांबते. विलायती वाद्यवृंदात बेस गिटारवाल्याची जागा पूर्वी साधारण ही होती. गाणारा पुढे, सहा तारांचा गिटारवाला त्याच्या शेजारी केस उडवीत, आणि हा बापडा चार जाड तारा सांभाळीत मागे.

१९८०च्या दशकात या कोठीवाल्याला कुणीतरी थेट बोहल्याशेजारी आणून उभं केलं. 'क्वीन' मंडळींचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' १९८०चं. ते रचलं त्यांच्या बेसवाल्यानं, जॉन डीकननं. चौघांतला हा सर्वांत अबोल. पण या गाण्यात बाकीचे तिघे मुकाट त्याच्या मागून चालतात. 'शीक'च्या 'गुड टाइम्स'मध्ये बर्नर्ड एडवर्ड्सनं १९७९ साली बेसला जे वळण लावलं, त्याच वळणाची ही चाल. मग १९८२च्या 'थ्रिलर'मधलं 'बिली जीन' घ्या. लुई जॉन्सनचा बेस जवळजवळ अर्धा मिनिट नुसता चालतो आहे, आणि मायकेल जॅक्सनसारखा माणूस तोंड मिटून वाट पाहतो आहे! निर्माते क्विन्सी जोन्स यांना ही प्रस्तावना फार लांबलेली वाटत होती. जॅक्सन म्हणाला, हिच्यामुळेच तर नाचावंसं वाटतं. प्रस्तावना राहिली. (मराठी पुस्तकांच्या प्रस्तावनांबद्दल असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.)

हे सगळं मी ऐकलं ते गिरगावात, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. बोटीवर नोकरीला असलेल्या आमच्या मेहुण्यानं १९८५ साली दोन स्पीकर आणले. एकेकात आमचा धाकटा सहज बसला असता. फळीवर मावेनात म्हणून तक्तपोशीवर ठेवले.

तिसऱ्या दिवशी खालचे काका वर आले. काकू जाऊन वर्ष झालं होतं आणि काकांचे कानही अर्धे गेले होते. म्हातारपणी कान आधी वरचे सूर सोडतात, खर्जाला बराच काळ धरून असतात.

"वर कोण आजारी आहे रे?" काकांनी विचारलं.

"कुणी नाही. का?"

"मघापासून कुणीतरी येरझारा घालतंय."

ते 'बिली जीन' होतं. तक्तपोशीतून गाणं, शब्द, हुंकार काहीच खाली जात नव्हतं. जात होता तो फक्त बेस. दोनच दिवसांनी ते पुन्हा आले. "अरे, दार तरी उघड! तीनतीनदा ठोठावतोय कोणीतरी." ते डीकनचं.

यात माझा काही इलाज नव्हता. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. त्या ध्वनिलहरीची लांबी भरते २७ फूट. आमची खोली १२ फूट. आता जो स्वर आपल्या खोलीत मावतच नाही, तो शेजाऱ्याकडे गेला तर त्याला घरमालकसुद्धा काय करणार?

मी आवाज कमी केला. चार दिवसांनी काका जिन्यात भेटले आणि म्हणाले, "ते येरझारांचं बंद का केलंस? लाव रे संध्याकाळचं. खाली फार सामसूम असते."

तेव्हापासून काकांच्या फर्माइशी सुरू झाल्या. इंग्रजी नावं त्यांनी एकही विचारली नाही. 'येरझारा', 'दार', अशी त्यांची स्वतःची यादी होती. पॉल सायमनचं १९८६चं 'यू कॅन कॉल मी अल' लावलं तेव्हा ते घाईघाईनं वर आले. "जिन्यावरून कोण गडगडलं रे? आणि गडगडलं ते गडगडलं, परत वर कसं गेलं?" त्या गाण्यात दक्षिण आफ्रिकेच्या बकिथी कुमालोची बेसवरची एक झपाट्याची तान आहे. पुढे केव्हातरी वाचलं, की तिचा दुसरा अर्धा भाग म्हणजे पहिलाच अर्धा, फीत उलटी फिरवून जोडलेला. 'चिमा काय कामाची' म्हणतो ना, तसला प्रकार. जाणकारांना हे स्टुडिओतून कळलं, काकांना तक्तपोशीतून.

प्रिन्सचं 'व्हेन डव्ह्ज क्राय' १९८४चं. आमच्याकडे पोचेपर्यंत १९८७ उजाडलं. या पठ्ठ्यानं सगळं रेकॉर्डिंग केलं आणि शेवटी त्यातून बेस काढूनच टाकला. नाचायचं गाणं, आणि बेस नाही! म्हणजे कोठीवाल्याला घरी पाठवून पंक्ती उठवायच्या. तरीही ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मला फार आवडलं. त्या संध्याकाळी मी तेच तीनदा लावलं.

दुसऱ्या दिवशी काका वर आले. चेहरा उतरलेला.

"काल सुतार आला होता का रे?"

"नाही. का?"

"नुसतीच ठोकाठोक. चालत कुणीच नव्हतं."

मी कॅसेट बदलली. म्हटलं, "बसा काका, येरझारा लावतो."

"इथे नको," काका म्हणाले. "इथे तो गाणारा मध्येमध्ये येतो." आणि कठडा धरून जिना उतरायला लागले.