बिनसाखरेची गालेत

वाईचा एक निवृत्त शाळामास्तर तीन महिने पॅरिसला राहून येतो, आणि परत आल्यावर आयफेल मनोऱ्याविषयीं न लिहितां एका खाद्यपदार्थाविषयीं लिहावयास बसतो, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. मनोरा आम्हीं पाहिला, उंच आहे. परंतु त्या मुक्कामांतील जी गोष्ट आम्हांस विसरतां येत नाहीं ती शहराबाहेर, चिरंजीवांच्या तिसऱ्या मजल्यावरील लहानशा स्वयंपाकघरांत घडली.

आरंभीं थोडें घरचें सांगितलें पाहिजे. आमच्या सौ.स मधुमेह होऊन अकरा वर्षें झालीं. तेव्हांपासून घरांत एक विचित्र व्यवस्था रूढ झाली आहे. सणाचें पुरण तीच शिजवते, वाटते, पोळ्या लाटते, आम्हांस आग्रह करून वाढते. स्वतः मात्र 'मला भूक नाहीं' असें म्हणून मागाहून एकटीच भाकरी खाते. ह्या व्यवस्थेस आम्हीच जबाबदार आहोंत. पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासण्यांत गेलीं, आणि आम्ही निवृत्त झालों तरी ती खोड निवृत्त झाली नाहीं. सौ.च्या ताटाकडे आमची नजर अशी लागलेली असे, कीं ती हळूहळू पंक्तीस बसेनाशी झाली.

नाताळच्या सुमारास पॅरिसमधील पातिसरींच्या, म्हणजे मिठाईच्या दुकानांच्या, कांचा पाहण्यासारख्या असतात. बोटासारखे लांबट एक्लेर, 'हजार पानें' असें नांव धारण करणारें मिलफय, फळांनीं मढविलेल्या तार्त. बहुतेकांत अंडें असतें, म्हणून आमचा संबंध पाहण्यापुरताच. सौ. प्रत्येक कांचेपुढें उभी राही, 'हें कसें करीत असतील हो?' असें विचारी आणि पुढें चालूं लागे. तो प्रश्न केवळ पाककृतीचा नव्हता, हें आम्हांस समजत नव्हतें असें नाहीं.

एके दिवशीं एका मोठ्या दुकानांत 'साखर न घातलेला' असा शिक्का मारलेला आणि अंडेंहि नसलेला केक आमच्या दृष्टीस पडला. इतकें फ्रेंच आम्हांस तोंवर येऊं लागलें होतें, व त्याचा थोडा अभिमानहि वाटत होता. संध्याकाळीं तो सौ.पुढें ठेवून 'आतां खुशाल खा' असें आम्हीं सांगितलें. आमच्या शब्दावर विश्वासून तिनें दोन मोठे तुकडे खाल्ले. दोन तासांनीं रक्तांतील साखर मोजण्याच्या यंत्रानें आंकडा दाखविला २४६. रात्रभर पोट बिघडलें तें वेगळेंच.

सूनबाईनें वेष्टनावरील बारीक अक्षरें वाचलीं. साखरेच्या जागीं माल्टिटॉल होतें. तें रक्तांतील साखर साखरेहून कमी वाढवितें, पण वाढवितें. आणि जास्त खाल्ल्यास रेच होतो ही सूचना युरोपांतील कायद्याप्रमाणें तेथें छापलेलीहि होती. बाकीचा केक मैद्याचा. "बाबा, मैदा पोटांत गेला कीं त्याचीहि साखरच होते," ती म्हणाली. "शिक्का फक्त वरून घातलेल्या साखरेविषयीं बोलतो." मूळ ग्रंथ न वाचतां मथळ्यावरून अर्थ लावणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही जन्मभर बोलत आलों, त्या रात्रीं आमची पाळी होती. सौ. मात्र एक शब्दहि बोलली नाहीं. तेंच अधिक लागलें.

त्यानंतर चार दिवस आमच्या डोक्यांत साखरेवांचून दुसरें कांहीं नव्हतें. आपल्या 'शर्करे'ची फारसींत 'शकर' झाली, अरबींत 'सुक्कर', आणि पुढें इटलीमार्गें फ्रेंचांची 'सुक्र'. आपल्या 'खंड' शब्दाचें तिकडे 'कांदी' झालें. प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, असें चरकसंहितेंत नोंदलेलें आहेच. म्हणजे गोडीचें नांवहि आपल्या भाषेंतलें आणि तिच्या दंडाची नोंदहि आपल्या ग्रंथांत.

आमचा हा नाद पाहून चिरंजीवांनीं आम्हांस पासी ह्या भागांत नेलें. सीन नदीच्या कांठावरून चढत गेलेली ही टेकडी. आज तेथें श्रीमंतांचीं घरें आहेत. १८०६ मध्यें नेपोलियननें इंग्लंडच्या व्यापारास युरोपची बंदरें बंद केलीं, तेव्हां वेस्ट इंडीजकडील उसाची साखर फ्रान्सांत मिळेनाशी झाली. बिटांत साखर असते हें मार्गग्राफ नांवाच्या जर्मन रसायनज्ञानें १७४७ मध्येंच दाखविलें होतें. त्या आधारावर बेंजामिन देलेसेर ह्यांनीं पासीच्या आपल्या कारखान्यांत बिटाची चांगली साखर काढली, आणि १८१२ च्या जानेवारींत नेपोलियननें स्वतः येऊन त्यांस सन्मानपदक दिलें. देलेसेर ह्यांचें नांव तेथील एका रुंद रस्त्यास आहे. त्याच शहरांतील ओतेल-द्यू रुग्णालयाचे एकेकाळचे मुख्य औषधनिर्माते बुशार्दा ह्यांची हकीकत मात्र उलट दिशेची. १८७०-७१ च्या वेढ्यांत पॅरिसची उपासमार झाली, त्या वेळीं मधुमेह्यांच्या मूत्रांतील साखर नाहींशी होते हें त्यांनीं पाहिलें. गव्हाचें पिष्ट धुऊन जो चिकट भाग उरतो त्याचा पाव मधुमेह्यांनीं खावा, असेंहि त्यांचें सांगणें होतें.

हें सर्व आम्हीं घरीं येऊन मोठ्या उत्साहानें सांगितलें. सूनबाई म्हणाली, "पीठ धुवायला नको, बाबा. आपण आईंसाठीं गालेत करूं."

६ जानेवारीस ख्रिस्ती लोकांचा एपिफनीचा सण येतो. पूर्वेकडील तीन राजे बाळख्रिस्ताच्या दर्शनास आले, त्याची ती आठवण; म्हणून पदार्थाचें नांव 'गालेत दे र्वा', राजांची गालेत. दक्षिण फ्रान्सांत तिच्या जागीं पाकविलेलीं फळें लावलेला गोड पाव असतो. उत्तरेंत ती पदरदार आणि आंत बदामाचें सारण भरलेली. आमची उत्तरेची.

पिठाच्या पिशव्यांवर तिकडे ५५, ६५, १५० असे आंकडे असतात. पीठ जाळल्यावर राख किती उरते त्यावरून ते दिलेले. कोंडा जास्त, तितकी राख जास्त. भस्मावरून धान्याची परीक्षा करणारें राष्ट्र आपल्याहून अगदींच निराळें नव्हे, असें आम्हांस वाटलें. सूनबाईनें एकूण २५० ग्रॅम पीठ घेतलें: दोन हिस्से ५५ चें आणि एक हिस्सा १५० चें, म्हणजे कोंड्यासह दळलेलें. सगळेंच कोंड्याचें घेतलें तर पदर फाटतात. मीठ व गार पाणी घालून गोळा मळला, आणि त्यांत २०० ग्रॅम लोण्याची चपटी वडी गुंडाळली. लाटून तीन घड्या. अर्धा तास फ्रिजमध्यें. पुन्हा लाटून तीन घड्या. असें सहा वेळां. आम्हीं बाजूस बसून हिशेब केला: ३, ९, २७, ८१, २४३, ७२९. 'हजार पानें' ह्या नांवांत थोडी अतिशयोक्ति आहे हें उघड झालें. ओव्हनमध्यें कणकेंतील पाण्याची वाफ होते, लोण्याचे थर तिला अडवितात, आणि पदर वर उचलले जातात.

"अग, हे तर आपले चिरोटेच," सौ. म्हणाली, आणि लाटणें सूनबाईच्या हातून तिच्या हातीं कधीं गेलें तें कळलेंहि नाहीं. चौथ्या घडीपासून पुढचें काम तिचेंच. साटा लावण्यांत जिचा हात बसला आहे तिला पदर शिकवावे लागत नाहींत. लोणी वितळूं न देण्याची धास्ती तेवढी तिला नवीन होती.

ह्या कणकेंत फ्रेंच लोकहि साखर घालीत नाहींत. खरी अडचण सारणाची. तेथें साखर केवळ गोडीपुरती नसते. ती ओलावा धरते, सारण मऊ ठेवते, रंग आणते. आणि अंडें सर्वांस बांधून ठेवतें. दोन्ही काढल्यावर पहिला प्रयोग झाला त्यास आमच्या पांच वर्षांच्या नातवानें 'वाळू' असें नांव दिलें. दुसऱ्या वेळीं १५० ग्रॅम बदामाची पूड, ८० ग्रॅम लोणी, एका सफरचंदाचा वाफवलेला गर आणि अंड्याच्या जागीं चमचाभर जवसाची पूड पाण्यांत भिजवून घातली. सफरचंदांतहि साखर असतेच; पण एक सफरचंद आठ वांट्यांत जाणार होतें. वर व्हॅनिला व संत्र्याची किसलेली साल. स्टेव्हिया घरांत होतें, पण सौ.स त्याची मागाहून येणारी कडसर चव आवडत नाहीं. "गोडाचें सोंग नको. बदाम बदामासारखा लागूं दे."

सारणांत एक कडधान्याचा दाणा किंवा चिनी मातीची इवलीशी बाहुली लपविण्याची चाल आहे. ज्याच्या वांट्यास ती येईल तो त्या दिवसाचा राजा. सौ.नें आपल्या पिशवींतून पूजेची सुपारी काढून दिली. वर अंड्याऐवजीं दूध फांसलें, सुरीच्या टोंकानें नक्षी कोरली, आणि २०० अंशांवर ४० मिनिटें भाजली. दुकानांतल्या गालेतीवर चकाकीसाठीं साखरेचा पाक फिरवितात. आमची फिकट दिसली, पण फुगली मात्र चांगली चार बोटें.

त्या रात्रीं आधीं पालेभाजी, मुगाची उसळ आणि ताक. भात-पोळीस रजा होती. मग रिवाजाप्रमाणें घरांतील सर्वांत लहान म्हणून नातू टेबलाखालीं बसला. सूनबाईनें आठ वांटे केले. त्यांतला एक दारीं येणाऱ्या अनोळख्याचा. आपल्याकडील अतिथीच्या वांट्यासारखाच. "हा कोणाचा?" असें वरून विचारावयाचें आणि खालून नांव यावयाचें.

"आजीचा!" पहिलेंच नांव आलें.

सौ. सर्वांबरोबर टेबलाशीं बसून खात होती. आमची नजर संवयीनें तिच्या ताटाकडे गेली. ती आम्हीं प्रयत्नानें खिडकीबाहेर वळविली. बाहेर पाहण्यासारखें कांहींच नव्हतें. थोड्याच वेळानें 'कट्' असा आवाज झाला, आणि सौ.नें दांत सांभाळून सुपारी बाहेर काढली. सोनेरी कागदाचा मुकुट तिच्या अंबाड्यावर नीट बसेना, तो नातवानें पिना लावून बसविला. राणीनें आपला राजा निवडावयाचा असतो. तिनें आमच्याकडे पाहिलें, क्षणभर विचार केला, आणि नातवास निवडलें.

दोन तासांनीं मुकुट डोक्यावर असतांनाच तिनें बोटाला सुई टोचली. आंकडा १६८ होता. 'आणखी एक तुकडा चालेल का?' असें ती विचारील म्हणून आम्ही मनांत उत्तर जुळवीत होतों. तिनें आम्हांस विचारलें नाहीं. उरलेले वांटे डब्यांत भरतां भरतां ती सूनबाईस म्हणाली, "दिवाळीला वाईला ये. हें बदामाचें सारण चिरोट्यांत घालून पाहूं."